रिकाम्या खुर्चीबाबत आलेले अभिप्राय

मेलेल्या माणसाइतका सोयीचा नागरिक दुसरा नाही. तो रांगेत घुसत नाही, माहितीसाठी अर्ज टाकत नाही, आणि त्याच्या नावाने समिती काढली तर सभेला येऊन आडवे प्रश्न विचारत नाही. जगातल्या सगळ्या थोर संस्था मेलेल्यांच्या जिवावर उभ्या आहेत. (मेलेल्यांना जीव नसतो, ही हरकत समितीने यापूर्वीच फेटाळली आहे.)

आमचं किलद्राना आयर्लंडच्या नकाशात शोधू नका. नकाशाला जिथे घडी पडते तिथे ते आहे. वस्ती तीनशे बारा. दफनभूमीत अंदाजे दोन हजार नऊशे. गावात बहुमत कोणाचं आहे हे त्यावरून कळतं, आणि लोकशाहीवर श्रद्धा असल्यामुळे आम्ही बहुमतासाठी चार वर्षांपूर्वी 'किलद्राना अस्सल हॅलोविन वारसा संवर्धन व अनुभव समिती' स्थापन केली. मी तिचा सचिव. इतिवृत्त मीच लिहितो, आणि प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते' हा शब्द मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे सभेचा वेळ वाचतो.

अध्यक्षपदी मॅलकी प्रेंडरगास्ट. दुसरा कोण असणार? त्याचं दुकान तुम्हाला दाखवायला हवं. दारातून आत शिरून डावीकडे वळलं की गुत्ता, उजवीकडे वळलं की शवपेट्या. आजा, बाप आणि आता मॅलकी, तीन पिढ्या गावाला पाजतात आणि पुरतात. मॅलकी म्हणतो, "गिऱ्हाईक तेच असतं रे, फक्त बसायचं सोडून आडवं होतं." परलोकाशी इतका नित्याचा व्यवहार असलेला माणूस फादरसुद्धा नाहीत.

आता सणाच्या उगमाविषयी, कारण उगम नसेल तर अनुदान मिळत नाही.

हॅलोविन आमचा. पूर्वी त्याला साउइन म्हणत. उन्हाळा संपायचा, गुरं डोंगरावरून खाली यायची, हिवाळ्यात त्यातली कोणती पोसायची आणि कोणती कापायची हे ठरायचं. त्या रात्री जिवंत आणि मेलेले यांच्यामधला पडदा विरळ होतो आणि पलीकडचे अलीकडे येतात. कुठून येतात? आमच्याकडे लेखी उत्तर आहे : टूमीच्या शेतातल्या बिळातून. बीळ साडेतीन फूट रुंद आहे. परलोकाचं दार आपल्याच गावात असल्याचा दावा आजूबाजूची आणखी पाच गावं करतात, परंतु त्यांची बिळं अनुक्रमे कोल्ह्याची, नाल्याची, दोन खाणीची आणि एक सरकारी पाणीपुरवठ्याचं आहे. आमच्या बिळात सत्त्याऐंशी साली टूमीची गाय गेली ती परत आली नाही. यापेक्षा भक्कम पुरावा असेल तर पाचही गावांनी सादर करावा.

पुढे धर्म आला. धर्माने हा सण मोडण्याचा तीनशे वर्षं प्रयत्न केला, लोक ऐकेनात. तेव्हा कुठलाही शहाणा कारभारी जे करतो तेच त्याने केलं. जे बंद होत नाही त्याला मान्यता देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, तिसऱ्या दिवशी सर्व मृतात्म्यांचा, आणि आदल्या संध्याकाळी काय चालतं त्याकडे पाठ. ती पाठ अजून फिरलेली नाही.

मग शेतातले बटाटे रोगाने कुजले, दुष्काळ पडला. माणसं मेली, उरलेली बोटीत चढली. सण सोबत नेला, कारण त्याला वजन नव्हतं. समुद्रापलीकडे गेल्यावर दिवे कोरायला सलगम मिळेना, भोपळा मिळाला. भोपळा बाहेरून मोठा, आतून पोकळ, कोरायला मऊ आणि आठवड्यात नासणारा. असले गुण अंगी असले की परदेशात भवितव्य असतं. दीडशे वर्षांनी आमचाच सण आमच्याकडे परत आला तो नारिंगी, प्लास्टिकचा, बुडाला तिसऱ्याच देशाचं नाव छापलेला. आम्ही तो विकत घेतला.

समितीचं कार्य इथूनच सुरू होतं. अस्सलपणा परत आणायचा.

पहिल्या वर्षी आम्ही भोपळ्यावर बंदी घातली आणि सलगम सक्तीचं केलं. ज्यांनी सलगम कोरलेलं नाही त्यांना सांगतो, ते कोरणं ही कला नसून शिक्षा आहे. दगडाला कंद म्हटलं की सलगम होतं. एकूण एक्केचाळीस सलगमं वाटली. पूर्ण झाली नऊ. मोडलेले चमचे सव्वीस, टाके पडलेले हात सहा, आणि एक संसार, जो तसाही मोडणार होता. मात्र कोरलेला सलगमाचा चेहरा पाहून लहान मुलं खरोखर रडली. भोपळ्याला पाहून मूल हसतं. सलगम पाहून त्याला आजोबांचे शेवटचे दिवस आठवतात. हाच तो अस्सलपणा.

दुसऱ्या वर्षी ब्रॅक. हा मनुक्यांचा गोड पाव, त्यात वस्तू दडवायच्या आणि ज्याच्या तुकड्यात जे निघेल ते त्याचं वर्षभराचं नशीब. अंगठी निघाली तर लग्न, चिंधी निघाली तर दारिद्र्य, काडी निघाली तर नवरा-बायकोत मारामारी. अन्नसुरक्षा खात्याच्या निरीक्षकाने कळवलं की अंगठी घशात अडकू शकते. (लग्नाबद्दलही हेच म्हणता येईल, पण ते त्यांच्या खात्याखाली येत नाही.) तेव्हापासून अंगठीच्या जागी पावावर एक चिठ्ठी ठेवतात : 'येथे अंगठी आहे असे समजावे.' गेल्या तीन वर्षांत गावात तीन लग्नं झाली आहेत असं समजण्यात येतं.

एकतीस तारखेनंतर जाळीतली काळी बोरं खायची नाहीत, कारण पूका नावाचं भूत त्यांच्यावर मुततं, ही प्रथा समितीने जशीच्या तशी राखली. तिच्यात सुधारणेला वाव नव्हता.

तरी काहीतरी कमी होतं. डब्लिनहून एक अनुभव-सल्लागार बाई मागवली होती. तिने दोन दिवस गाव पाहिलं, दोन रात्री मॅलकीच्या डावीकडच्या भागात काढल्या, आणि अहवाल दिला. गावात बीळ आहे, सलगम आहे, पाव आहे, पण पाहुण्याच्या काळजाला हात घालेल असं काही नाही. मग तिने विचारलं, "इथे कुणी अजून हे सगळं खरंच मानतं का?"

असं काही कुणी आम्हाला कधी विचारलं नव्हतं. शेवटी फिंटन लूबी म्हणाला, "डिम्फना मानते."

फिंटन आमचा निवृत्त पोस्टमन, समितीचा साधा सदस्य. आणि डिम्फना गेराटी म्हणजे बिळाच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरात एकटी राहणारी, चौऱ्याहत्तर वर्षांची, लग्न न केलेली बाई. दरवर्षी एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी ती दाराची कडी काढते, चुलीसमोर एक खुर्ची आगीकडे तोंड करून मांडते, कोबी घालून घोटलेल्या बटाट्याची ताटली भरते, मधे खड्डा करून त्यात लोण्याचा गोळा सोडते, आणि समोरच्या स्टुलावर बसून राहते. घरातल्या मेलेल्यासाठी ही मांडणी एके काळी गावात घरोघर होती. मग टीव्ही आला आणि आगीकडे तोंड केलेल्या सगळ्या खुर्च्या तिकडे वळल्या. उरली ती एकच.

सल्लागार बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते टिपलं आणि लगेच लिहिलं : 'क्षमता, चोवीस पाहुणे.'

मॅलकी, मी आणि फिंटन असे तिघे परवानगी मागायला गेलो. मॅलकीने टोपी काढली, जी तो फक्त शवपेटीचं माप घ्यायला येतो तेव्हा काढतो.

"डिम्फना, तुला वेगळं काही करायचं नाही. जे करतेस तेच करायचं. फक्त लोकांसमोर."

"लोक कुठले?"

"डब्लिनचे. लंडनचेही येतील म्हणतात. बस ठरवलीय."

ती नाही म्हणणार म्हणून आम्ही तिला द्यायचं मानधन खिशात तयार ठेवलं होतं. पण लंडन ऐकून तिचा हात चुलीवरच थांबला. मग ती आत गेली आणि एक फोटो घेऊन आली. एकोणीस वर्षांचा पोरगा, रुंद कॉलरचं तपकिरी जाकीट, गळ्याला मफलर, डोक्यावर टोपी, हातात पुठ्ठ्याची सुटकेस. तिचा धाकटा भाऊ मायल्स. एकाहत्तर साली बोटीने इंग्लंडला गेला, लंडनखाली बोगदे खणायला. दोन नाताळ पत्रं आली. तिसऱ्या नाताळला आली ती शेवटची. पुढे काही नाही. त्यानंतरच्या साउइनपासून खुर्ची.

"तेवढ्या लोकांना हा फोटो दाखवेन मी," ती म्हणाली. "चोवीस माणसांत एखाद्याने पाहिला असेल की."

मॅलकी म्हणाला, अवश्य दाखव. (अहवालात याची नोंद 'पाहुण्यांशी थेट संवाद' अशी झाली.)

"पण एक अट आहे. त्या खुर्चीत कोणी बसायचं नाही. पाय दुखले म्हणून नाही, फोटो काढायला नाही. कोणी म्हणजे कोणी नाही."

मी वहीत लिहून घेतलं. कलम चार : सदर खुर्चीत कोणीही माणूस बसणार नाही. खाली तिची सही, मॅलकीची सही, माझी सही. मग मी, केवळ नोंदीसाठी, कारण विचारलं.

"अरे पोरा," ती मला म्हणाली (मी छप्पन वर्षांचा आहे), "मेला असता तर तो आला असता. आमच्या घरातला कोणी वाट चुकत नाही. आई येऊन गेली, बाबा येऊन गेले, ज्या वर्षी गेले त्याच वर्षी. हा येत नाही. म्हणजे जिवंत आहे. कुठेतरी बसलाय चहा पीत, पत्र लिहायचा कंटाळा करत. पहिल्यापासून आळशी. सकाळी खुर्ची तशीच रिकामी दिसली की मी आणखी एक वर्ष निश्चिंत झोपते."

आम्ही परत निघालो. मग मॅलकी म्हणाला, "ही गोष्ट माहितीपत्रकात घ्यायला हवी." आणि घेतली.

खुर्चीच्या कार्यक्रमाचं पहिलं वर्ष सुरळीत पार पडलं. चोवीस पाहुणे दोरीपलीकडच्या बाकांवर बसले. डिम्फनाने प्रत्येकाला फोटो दाखवला, लंडनमध्ये कुठे राहता विचारलं, बोगद्यात काम करणारं कोणी ओळखीचं आहे का विचारलं. मग कडी काढली, ताटली मांडली, स्टुलावर बसली. चाळीस मिनिटं काही झालं नाही. ठरल्या वेळी बस निघाली.

अभिप्राय आले ते असे. समाधानी, एकोणीस टक्के. अंशतः समाधानी, वीस टक्के. असमाधानी, एकसष्ट टक्के. (चोवीस माणसांत एकसष्ट टक्के कसे बसतात हे सल्लागार बाईने समजावून सांगितलं, मी ते विसरलो.) निवडक मजकूर देतो.

'वातावरण उत्तम. परंतु शेवटपर्यंत कोणीही आले नाही.'

'अठ्ठावीस युरोत रिकामी खुर्ची. आमच्या घरी सहा आहेत.'

'बटाटा पाहुण्यांना का देत नाहीत? गार होत होता.'

'काहीच घडले नाही. तरी वृद्ध महिला कर्मचारी शेवटी खूश दिसत होती. कारण कळले नाही.'

समितीने अभिप्राय गांभीर्याने घेतले. अभिप्राय गांभीर्याने घेण्याची एकच पद्धत आम्हाला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे उपसमिती. उपसमितीने तीन बैठकांत निष्कर्ष काढला की प्रथेत दोष नाही, मृतांकडून सहकार्य नाही. एकोणपन्नास वर्षं सातत्याने बोलावूनही संबंधित मृत हजर राहिलेला नाही. पुढचं वर्ष पन्नासावं. सुवर्णमहोत्सव. सुवर्णमहोत्सवाला कोणीच आलं नाही तर गावाची अब्रू काय राहिली?

म्हणून मृत नेमायचं ठरलं.

फिंटनने कलम चारची आठवण करून दिली. मॅलकीकडे उत्तर तयार होतं. कलम म्हणतं, कोणीही माणूस बसणार नाही. बरोबर. पण नेमलेला इसम तिथे मृताच्या हुद्द्यावर बसेल, आणि मेल्यावर माणूस उरत नाही हे मॅलकीइतकं कोणाला ठाऊक? हुद्द्यावर आहे तोवर तो माणूस नाही, सबब भंग नाही. (हे तत्त्व सरकारी कचेऱ्यांत पूर्वीपासून लागू आहे.) ठराव सर्वानुमते मंजूर झाला. माझा हात वर होता. इतिवृत्त लिहायला दुसरा हात पुरतो.

पदासाठी सहा अर्ज आले. एकाला खोकला होता. एक फार जाडा निघाला. परलोकात खायला काय मिळतं असा प्रश्न पाहुण्यांच्या मनात यायला नको. टूमीने बीळ त्याचं आहे या मुद्द्यावर हक्क सांगितला. मृताचं वय पुढे वाढतं की जिथल्या तिथे थांबतं यावर दीड तास गेला आणि तो विषय फादरांकडे पाठवला, त्यांनी तो परत पाठवला. अखेर सर्वांच्या नजरा फिंटनकडे वळल्या. सडपातळ, सहासष्ट वर्षांचा, मुळातच फिकट.

"मी अडतीस वर्षं तिच्या फाटकाशी उभा राहिलोय," फिंटन म्हणाला. "रोज. 'आज काही नाही, डिम्फना.' ती म्हणायची, 'बरं.' एवढंच. आता मीच आत जाऊन बसू?"

"म्हणून तर तू योग्य," मॅलकी म्हणाला. "तिला तुझी सवय आहे. घाबरणार नाही."

"निदान तिला आधी सांगू तरी."

सल्लागार बाईने नम्रपणे निदर्शनास आणलं की आधी सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया अस्सल राहणार नाही, आणि समितीच्या नावात अस्सल हा शब्द आहे. हा मुद्दा बिनतोड होता. फिंटनच्या मुलीने मॅलकीच्या उजवीकडच्या भागातून आपल्या सासऱ्यासाठी पेटी नेली होती आणि पैसे अजून द्यायचे होते, हाही एक मुद्दा होता, पण तो कोणी मांडला नाही. मॅलकीने फक्त फिंटनकडे पाहिलं.

पोशाख फोटोवरून बेतला, कारण आम्ही अर्धवट काम करत नाही. तपकिरी जाकीट मॅलकीकडे होतंच; असे कपडे त्याच्याकडे कायम असतात. मफलर, टोपी, चेहऱ्याला पीठ. पुठ्ठ्याची सुटकेस मिळायला तीन आठवडे लागले. ती मीच शोधून आणली. अभिमानाने सांगतो.

एकतीस तारीख. संध्याकाळचे साडेसहा. चोवीस जागांसाठी सत्तर मागण्या होत्या. डिम्फनाने फोटो फिरवला. लीड्सच्या एका गृहस्थाने तो बराच वेळ न्याहाळला, ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तो म्हणाला की जाकीट छान आहे. तिने कडी काढली. खुर्ची मांडली. दिवा एकच, सलगमाचा. ती चुलीपाशी पाठमोरी बटाटा घोटत होती तेव्हा दार उघडलं.

फिंटन ठरल्याप्रमाणे आत आला. सुटकेस खाली ठेवली. खुर्चीत बसला.

डिम्फना वळली. तिने जाकीट पाहिलं. मफलर पाहिला. सुटकेस पाहिली. तोंडाकडे पाहिलं नाही.

"आलास," ती म्हणाली.

तिने ताटली भरली, खड्डा केला, लोणी सोडलं, आणि त्याच्या मांडीवर ठेवली. मग स्टूल जवळ ओढून बसली. मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. सल्लागार बाईने माझ्याकडे पाहून अंगठा वर केला.

"खा. गार होतंय." मग थोड्या वेळाने, "कधी गेलास रे?"

फिंटनला बोलायचं नव्हतं. मृत बारा मिनिटं गप्प बसेल आणि उठून जाईल, असं ठरावाच्या परिशिष्टात लिहिलेलं होतं.

"बोगद्यात का? की अंथरुणात?" ती विचारत होती. "जवळ कोणी होतं का? आपल्याकडचं कोणी?"

पीठ ताटलीत पडायला लागलं. फिंटनचे ओठ हलत होते. परिशिष्टाबाहेरचं काही बोलायची सवय नसलेला माणूस तो. आयुष्यभर या घराशी जे एक वाक्य बोलला होता, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"आज काही नाही, डिम्फना."

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. टोपी मागे सारली. अंगठ्याने त्याच्या गालावरचं पीठ पुसलं.

"फिंटन? तू कधी मेलास?"

"मेलो नाही."

"मग इथे काय करतोयस?"

तो आमच्याकडे बघायला लागला. आम्ही पाहुण्यांकडे. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. लीड्सचे गृहस्थ सगळ्यात आधी उठले.

लोक बाहेर पडत होते तेव्हा मी अभिप्रायाचे फॉर्म वाटत दारात उभा होतो. डिम्फना माझ्याजवळ आली. मला वाटलं, शिव्या घालेल. तयारी होती. शिव्यांसाठी वेगळा रकाना असतो.

"म्हणजे मायल्स आला नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे जिवंतच आहे की, डिम्फना. तुझ्याच हिशेबाने."

"हो ना." ती खुर्चीकडे बघत होती. "एकोणपन्नास वर्षं ती खुर्ची माझ्याशी खोटं बोलली नाही. पुढच्या साली तो खरंच येऊन बसला, तर मी काय म्हणणार? मॅलकीने पाठवलाय. आणि नाही आला, तर म्हणेन, बसलेली माणसं बघून दारातून मागे फिरला असेल. सांग, आता मला कसं कळायचं?"

मी तिला एक फॉर्म दिला.

बस निघाली. आम्ही रस्त्यावर उभे असताना मागे आवाज आला. एकतीस ऑक्टोबरला त्या घराची कडी लागल्याचा आवाज पन्नास वर्षांत कोणी ऐकला नव्हता. त्यामुळे काय वाजलं हे कळायला जरा वेळ लागला. मी नोंद केली : कार्यक्रम सात वाजून दहा मिनिटांनी यशस्वीपणे संपला.

पुढची हकीकत थोडक्यात. समाधानी, अठ्ठ्याण्णव टक्के. किलद्रानाला अस्सलपणाचं प्रमाणपत्र मिळालं. ते गुत्त्यात, डावीकडे, लावलेलं आहे. फिंटनने समितीचा राजीनामा दिला. त्याने डिम्फनाला पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन पेटीत टाकलं. तिने पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि न उघडता परत पाठवलं. यंदा तिने खुर्ची मांडायला नकार दिल्यामुळे आम्ही तिचं स्वयंपाकघर सामाजिक सभागृहात हुबेहूब उभारलं आहे. चूल विजेची आहे. डिम्फनाच्या पदासाठी चार अर्ज आले आहेत. मूळ खुर्ची मात्र मिळाली. ती तिने फाटकाबाहेर काढून ठेवली होती, मॅलकी घेऊन आला.

आता तुम्ही मॅलकीला शिव्या देत असाल, मलाही देत असाल. द्या. मन हलकं होतं. पण ही हकीकत मी खुर्चीपाशी आणली तेव्हापासून तुम्ही कशाची वाट पाहत होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. एका म्हातारीची झोप ती खुर्ची रिकामी राहण्यावर आहे, हे तुम्हाला मी स्पष्ट सांगितलं होतं, तिच्याच शब्दांत. तरी तुम्ही पुढे वाचत आलात, कोणीतरी येऊन बसेल म्हणून. बाकावर पंचविसावी जागा नव्हती, एवढाच काय तो फरक.

फॉर्म खाली जोडला आहे. एक ते पाच तारे. खुर्ची रिकामी राहिली असती तर किती दिले असतेत, तेही प्रामाणिकपणे लिहावं.